रजा, राजीनामा आणि रझाकार

मी शाळेत उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवते. एका तासाला फळ्यावर उजवीकडून डावीकडे लिहायचे, पुढच्या तासाला डावीकडून उजवीकडे. हाताला त्याची सवय झाली आहे. शब्दांना मात्र या बाजूहून त्या बाजूला नेताना जपावे लागते. काही शब्द वाटेत अर्थ बदलतात आणि एखादा तर माणसांचे जीवही घेऊन बसलेला असतो.

'रजा' हा शब्द घ्या. मूळ अरबी 'रझा', म्हणजे संमती, मर्जी, खुशी. वरिष्ठाची मर्जी मिळाली की कामावरून दूर राहता येते, म्हणून मराठीत ती झाली 'रजा'. 'राजी' हाही त्याच घरातला शब्द. 'राजीनामा' म्हणजे मुळात राजी असल्याचा कागद, दोन्ही पक्षांनी तडजोड मान्य केल्याचा लेख. उर्दूत आजही तोच अर्थ आहे, नोकरी सोडण्याच्या पत्राला तिथे 'इस्तीफा' म्हणतात. मराठी वर्तमानपत्रात मंत्र्याने राजीनामा दिल्याचे वाचून माझ्या उर्दू माध्यमाच्या मुलींना दरवर्षी प्रश्न पडतो की मंत्र्याची तडजोड झाली कोणाशी!

याच घरातला आणखी एक शब्द म्हणजे 'रझाकार'. 'कार' हा फारसी प्रत्यय, करणारा या अर्थाचा. जो आपल्या मर्जीने, कोणी भाग न पाडता, मोबदला न घेता काम करतो तो रझाकार. कोणत्याही उर्दू शब्दकोशात स्वयंसेवकाला हाच शब्द दिलेला असतो. इज्तेमाच्या मंडपात पाणी वाटणारी मुले, पुरात धान्याची पाकिटे पोहोचवणारे तरुण, रक्तदान शिबिरात नावे लिहून घेणाऱ्या मुली, उर्दू वर्तमानपत्रात हे सगळे आजही सरळपणे रझाकार असतात. आपल्या भाषांत 'बेगार' असाही शब्द आहे. तेही बिनमोबदल्याचे काम, पण त्यात रझा नाही, मानेवर हात आहे. बेगार आणि रझाकार यांच्यातले अंतर म्हणजे माणसाची मर्जी. अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर रझाकार हा फार सुंदर शब्द आहे.

पण तो मराठीत उच्चारून पाहा. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद (जिल्ह्यांची नावे मी त्या काळचीच लिहिते आहे) इथल्या कोणत्याही जुन्या घरात उच्चारून पाहा.

हा प्रश्न माझ्यापुढे शब्दकोशातून आला नाही. कोविडची दुसरी लाट ओसरल्यानंतर आमच्या जुन्या नाशकातल्या मोहल्ल्याने, ज्यांनी त्या दोन वर्षांत धावपळ केली त्यांचा सत्कार करायचे ठरवले. काय काय कामे होती ती आठवा. टाळेबंदीत घरोघरी शिधा पोहोचवणे. रात्री-अपरात्री ऑक्सिजनचे सिलिंडर मिळवून आणणे. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा थांबला आणि बावीस रुग्ण एकाच दिवशी गेले. त्यानंतर प्रत्येक घरात सिलिंडर हा शब्द दुआसारखा घेतला जात होता. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे दफन. नातेवाईक विलगीकरणात, खांदा द्यायला कोणी नाही, गुस्ल देता येत नाही म्हणून उलेमांनी सांगितलेल्या सवलतीप्रमाणे विधी उरकायचे. संरक्षक पोशाख घालून ती पोरे कब्रस्तानात उभी असत. काही पोरे तर स्मशानातही गेली, कारण तिथेही खांदा द्यायला माणूस नव्हता.

'कोविड योद्धा' अशी प्रमाणपत्रे तोवर खिरापतीसारखी वाटून झाली होती. मोबाइलवर अर्ज भरला की अर्ध्या तासात रंगीत प्रमाणपत्र यायचे, खाली कुठल्या तरी संस्थेची सही. ज्यांनी ती फेसबुकवर लावली त्यांपैकी काहींना मी त्या दोन वर्षांत गल्लीच्या तोंडाशीही पाहिले नव्हते. म्हणून मोहल्ल्याच्या बैठकीत ठरले की आपण थोडकेच लोक निवडू, पण खरे निवडू. प्रमाणपत्र उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत असेल. मजकूर लिहायचे काम अर्थातच माझ्याकडे आले. "आपा, तुम्हारे हाथ का लिखा अच्छा रहेगा," असे चाचा म्हणाले.

मसुद्यात कोणीतरी उर्दू भागात आधीच लिहून ठेवले होते, 'बेहतरीन रझाकार'. उर्दूच्या अंगाने त्यात काहीही चूक नव्हती. पण निवडलेल्यांच्या यादीत एक तरुण गंगापूर तालुक्यातला होता, हिंदू, रुग्णवाहिका चालवणारा. आमच्या मोहल्ल्यातले कित्येक मृतदेह त्यानेच नेले. तो हा कागद चौकटीत घालून गावाकडच्या घरात लावणार होता. आणि यादी वाचून दाखवणारे चाचा स्वतः त्याच भागातले. पोलीस ॲक्शननंतर त्यांचे वडील बायकोमुलांना घेऊन वैजापूरकडून येवल्यात आणि तिथून नाशकात आले, ते परत गेले नाहीत. त्यांनी आयुष्यात कधी काठी उचलली नव्हती. रझाकार ठरवले गेले ते फक्त नावावरून. चाचांनी शब्द वाचला आणि चष्मा काढून ठेवला. ते म्हणाले, "ये लफ्ज नहीं चलेगा. इस लफ्ज से दोनों के घर जले हैं."

बैठकीतल्या तरुणांना ते पटकन समजले नाही. शब्दाचा अर्थ चांगला आहे ना, मग तो सोडायचा का? दुसऱ्यांनी त्याला बदनाम केले म्हणून आपण आपली भाषा टाकायची का? हा प्रश्न चुकीचा नाही. त्याचे उत्तर मात्र शब्दकोशात मिळत नाही, ते इतिहासात शोधावे लागते. आणि त्यासाठी आपल्या नाशिक जिल्ह्यापासूनच सुरुवात करता येते.

१९२१ साली मालेगावात खिलाफतीचे स्वयंसेवक होते. खिलाफत आणि असहकार यांची जोडी जमली होती, गावोगावी तरुण गणवेश घालून फिरत होते, निधी गोळा करत होते, परदेशी मालाविरुद्ध सभा घेत होते. मालेगावात या स्वयंसेवकांनी हत्यारे बाळगण्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी बंदी घातली. ती मोडल्याबद्दल काही जणांवर खटला चालला आणि २५ एप्रिल रोजी त्यांना शिक्षा झाल्याचे कळताच जमाव खवळला. त्या दंगलीत भाटे नावाचे फौजदार मारले गेले, जाळपोळ झाली. गांधीजींनी या हिंसेचा उघड निषेध केला. पुढे खटले चालले आणि मालेगावच्या काही जणांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. मालेगावात किदवाई रोडवर त्यांची 'शहीदों की यादगार' उभी आहे.

त्या स्मारकापुढे मुलींची सहल नेली की मी दोन्ही गोष्टी सांगते. परक्या सत्तेविरुद्ध उभे राहिलेले, फासावर गेलेले हे आपल्या जिल्ह्यातले विणकर, मजूर, साधे लोक होते. आणि त्या दिवशी कर्तव्यावर असलेला एक माणूस जमावाच्या हातून मेला, त्याचेही घर होते. स्मारक एक बाजू सांगते, तो स्मारकाचा स्वभावच आहे. दुसरी बाजू सांगणे हे शिक्षकाचे काम आहे. स्वयंसेवक जेव्हा हातात हत्यार घेतो तेव्हा 'स्वयं' आणि 'सेवक' या दोन्ही गोष्टी हळूहळू गळून पडतात आणि उरतो तो जमाव. १९२१ च्या मालेगावात हे एका दिवसात घडले. हैदराबाद संस्थानात ते दहा वर्षांत घडले, आणि फार मोठ्या प्रमाणावर घडले.

हैदराबादेत मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनची स्थापना १९२७ ची. तिचे रझाकार सुरुवातीला नावाप्रमाणेच स्वयंसेवक होते, सभांची व्यवस्था बघणारे, कवायत करणारे. बहादूर यार जंग हे त्या काळचे नेते, मोठे वक्ते. १९४४ मध्ये ते गेले. दोन वर्षांनी संघटनेची सूत्रे लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या हाती आली आणि रझाकारांचे रूपांतर एका सशस्त्र दलात झाले. निजामाला स्वतंत्र राहायचे होते, भारतात विलीन व्हायचे नव्हते, आणि त्यासाठी गावोगावी धाक बसवायला ही माणसे हाताशी होती. १९४७-४८ मध्ये त्यांनी जे केले ते मराठवाड्याच्या लोकगीतांत, आठवणींत, घराघरांत साठलेले आहे. लूट, जाळपोळ, खून. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याचे नाव आजही त्यासाठी घेतले जाते. निर्वासितांचे लोंढे सरहद्द ओलांडून आले. निजामाच्या राज्याची हद्द आपल्या येवला-नांदगाव तालुक्यांना लागून होती आणि निजामाची रेल्वे मनमाडला येऊन मिळत होती, त्यामुळे आपल्या जिल्ह्याने हे सारे जवळून पाहिले. दुसऱ्या बाजूला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचे लोक लढत होते. त्यांतही स्वयंसेवकच होते, पण त्यांच्यासाठी उर्दूतला शब्द कोणी वापरला नाही.

आमच्या लोकांना मी आवर्जून शोएबउल्ला खान यांची गोष्ट सांगते. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा हा तरुण संपादक. हैदराबादने भारतात सामील व्हावे आणि रझाकारांचा धुमाकूळ थांबवावा, असे तो उर्दूत, त्याच शहरात, रझाकारांच्या नाकासमोर लिहीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री कार्यालयातून घरी परतत असताना त्याला गाठून मारले, लिहिणारा हातही तोडला. रझाकार या शब्दाचा मूळ अर्थ डोळ्यांपुढे ठेवला तर त्या शहरातला खरा रझाकार तोच होता. त्याला कोणी भाग पाडले नव्हते, कोणी मोबदला दिला नव्हता, त्याने आपल्या मर्जीने ते केले आणि किंमत मोजली. पण हा शब्द त्याच्या मारेकऱ्यांच्या नावावर जमा झाला. भाषेत असे होते, आणि त्यावर अपील करण्यासाठी कुठले न्यायालय नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजाम शरण आला. मराठवाडा मुक्त झाला. तो दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा होतो आणि माझ्या मते तो मुसलमानांनीही मनापासून साजरा करावा, कारण शोएबउल्ला ज्यासाठी मेला ते त्या दिवशी झाले.

पण चाचांच्या वडिलांनी घर सोडले ते त्यानंतर. रझाकार पळाले किंवा पकडले गेले आणि सूड उरला तो जे पळाले नाहीत त्यांच्यासाठी. परिस्थिती पाहण्यासाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवले. वर्षाच्या अखेरीस त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून जो अहवाल दिला, त्यात मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार इतका होता. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड होते. हा अहवाल कित्येक दशके लोकांना वाचायला मिळाला नाही. त्यात रझाकारांच्या अत्याचारांचीही दखल आहे आणि हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबांना वाचवल्याच्या नोंदीही आहेत. म्हणजे तिथेही काही लोक आपल्या मर्जीने पुढे आले होते. त्यांचा सत्कार कोणी केला नाही.

रझवी स्वतः १९५७ पर्यंत तुरुंगात होता आणि सुटल्यावर पाकिस्तानात निघून गेला. मागे राहिलेल्यांनी त्याचा शब्द आपल्या पाठीवर वाहिला. आजही एखाद्या सभेत, एखाद्या भांडणात, शाळकरी मुलाला सुद्धा 'रझाकाराची औलाद' म्हणून हिणवले जाते. ज्या मुलाच्या खापरपणजोबाने कधी निजामाचे राज्य पाहिलेही नाही, तो कोकणातला असो की खानदेशातला, त्यालाही. हे चूक आहे, क्रूर आहे, आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण ज्या आजीचे घर १९४८ मध्ये जळाले तिला "आजी, शब्दाचा मूळ अर्थ फार चांगला आहे" असे सांगायला मी जाणार नाही.

हे फक्त आपल्याकडेच झालेले नाही. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्कराला साथ देणाऱ्या दलाचेही नाव रझाकारच होते. बांगलादेशात तो शब्द इतका जळजळीत आहे की जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तो आंदोलकांच्या संदर्भात वापरताच विद्यापीठातली मुले रात्री रस्त्यावर आली. तीन आठवड्यांत सरकार गेले. त्याला इतरही कारणे होती, पण तो शब्द ठिणगी ठरला.

मग मराठी भागात काय लिहायचे? 'स्वयंसेवक' हा शब्द अगदी निर्दोष दिसतो. काँग्रेसच्या अधिवेशनांत बिल्ले लावून धावपळ करणाऱ्यांना तो वापरला जात होता. १९६९ मध्ये गांधी शताब्दीच्या निमित्ताने राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्यात शिबिरे करणारी मुले स्वयंसेवकच म्हणवतात. मीही कॉलेजात असताना त्या शिबिरात बांध घातला आहे. पण आमच्या मोहल्ल्यात 'स्वयंसेवक' म्हटले की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे १९२५ साली नागपुरात स्थापन झालेली एक विशिष्ट संघटना येते. बैठकीत एका मुलाने हळूच विचारले, "आपा, सर्टिफिकेट शाखा का लगेगा क्या?" सगळे हसले. मला त्या हसण्यात समतोल दिसला. जसे त्या गंगापूरच्या घराला आपले उर्दू ऐकू येते, तसे आपल्या पोरांना मराठी ऐकू येते. आणि 'कार्यकर्ता' म्हटले तर नाशकात तो फ्लेक्सवर फोटो असलेला माणूस! 'योद्धा' हा शब्द तर मला पहिल्यापासून नकोच होता. ज्याने मृतदेहाला खांदा दिला त्याने कोणाशी युद्ध केले?

शेवटी जो शब्द सापडला तो दोन्ही भाषांच्या कपाटात आधीच होता. खिदमतगार. पेशव्यांच्या दफ्तरात तो 'खिजमतगार' होऊन वावरतो. तिथे तो सेवक, हुजऱ्या. उर्दूत 'खिदमत' ही अल्लाहच्या माणसांची सेवा. हाजींच्या मदतीला जाणाऱ्यांना वर्षानुवर्षे 'खादिमुल हुज्जाज' म्हटले जाई, तो 'खादिम' याच घरातला. आणि १९२९ मध्ये खान अब्दुल गफ्फार खान यांनी सरहद्द प्रांतातल्या पठाणांची जी संघटना उभी केली ती 'खुदाई खिदमतगार'. बंदुकीशिवाय ज्यांची ओळख सांगता येत नसे अशा पठाणांनी शस्त्र न उचलण्याची शपथ घेतली, आणि २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात गोळ्या झेलल्या. मालेगावच्या त्या दिवसाला नऊ वर्षे झाली होती. हेही स्वयंसेवक, हेही मुसलमान, हाही एप्रिल महिना. मी या दोन तारखा वर्गात शेजारी शेजारी लिहिते. बादशाह खान यांना १९८७ मध्ये भारतरत्न मिळाले, अंगात लाल कुडते घालून मेलेल्यांना मिळाले नाही.

बैठकीत एक जण सत्काराच्याच विरोधात होते. खिदमत अल्लाहसाठी केली, तिचा हार-तुरा कसला? ती 'रिया' होईल, दिखावा होईल. त्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्याला हार हवा असतो तो खिदमत हारासाठीच करायला लागतो, हे आपण रोज पाहतो. पण त्यात दोन माणसांची गोष्ट मिसळली जाते. काम करणाऱ्याने मोबदल्याची अपेक्षा ठेवू नये, हे त्याच्यासाठी. ज्यांच्यासाठी काम झाले त्यांनी गप्प बसावे, असे कोणी सांगितलेले नाही. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, या अर्थाची हदीस सगळ्यांना माहीत असते. मक्का सोडून आलेल्यांना मदिनेच्या ज्या लोकांनी घरात घेतले, बागांत वाटा दिला, त्यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात नाव मिळाले 'अन्सार', मदत करणारे. कुरआनातही ते नाव आले. मदिनेच्या अन्सारांना बिदाईत थैल्या मिळाल्या नाहीत, नाव मिळाले. आणि ते नाव इतके मोलाचे ठरले की तेराशे वर्षांनंतर हिंदुस्थानातल्या विणकरांनी आपल्या जातीला चिकटलेला हिणकस शब्द टाकून 'अन्सारी' हे आडनाव घेतले. मालेगावातल्या कोणत्याही गल्लीत जा, दर दुसऱ्या दारावर तो सत्कार लिहिलेला आहे.

म्हणून नाव लिहिणे हाच सत्काराचा गाभा, असे मला वाटते. आणि नेमके तिथेच आपण कच्चे आहोत. आपल्याच शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारोंची मिरवणूक निघाली आणि दरवाजे बंद झाल्यावर पहिल्या तुकडीतले १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया चार दरवाजांवर बसल्या. हा लढा चार वर्षे चालला. दादासाहेब गायकवाडांचे नाव राहिले, त्यांना १९६८ मध्ये पद्मश्री मिळाली, अमृतराव रणखांबे यांचे नाव जाणकार घेतात. आणि त्या २५ स्त्रिया? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगावी फिरून, म्हाताऱ्या बायकांशेजारी बसून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या आठवणी लिहून घेतल्या नसत्या, १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले नसते, तर त्यांच्यापैकी अनेकींची नावे कुटुंबाबाहेर गेलीच नसती. दलित समाजाने हे काम केले. हाल सोसून, खिशातले पैसे घालून केले. आपल्याकडे हे काम अजून व्हायचे आहे, हे मला सांगायचे आहे.

कारण आपल्याकडेही फत्तेखान आहे. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्यायले, त्यानंतर हल्ले झाले. तेव्हा काही जणांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तेव्हा मंडपासाठी गावात कोणी जागा देईना. जागा दिली फत्तेखान यांनी. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली ती या परिषदेत. एवढ्या मोठ्या दिवसाला पायाखाली जमीन लागते, ती एका मुसलमान माणसाने आपल्या मर्जीने दिली. त्याच्यावर गावाचा रोष ओढवला असणार, व्यवहार अडले असणार. तो सभेत बोलला नाही, मोर्चाच्या पुढे नव्हता. बहुतेक पुस्तकांत तो एका वाक्यात येतो आणि पुढच्या वाक्यात निघून जातो. आमच्या समाजाच्या जलशांत, जयंत्यांत, मुशायऱ्यांत तर त्याचे ते एक वाक्यही येत नाही. तिथे टिपू सुलतान येतात, मौलाना आझाद येतात. यावेत. पण शेजाऱ्याला जागा देणारा माणूस आपल्या मुलांना जितका जवळचा वाटेल तितका तलवारीचा सुलतान वाटणार नाही, हा माझा वीस वर्षांचा वर्गातला अनुभव आहे.

आता आमच्या मोहल्ल्याचे. प्रमाणपत्रावर दोन्ही भाषांत एकच शब्द छापला, खिदमतगार. 'उत्कृष्ट', 'बेहतरीन' हे शब्द काढून टाकले आणि त्या जागी प्रत्येकाने काय केले ते एका ओळीत लिहिले. ते अवघड निघाले. 'समाजसेवा केली' असे लिहिणे सोपे असते. एकाच्या कागदावर आले, 'सतरा रात्री कब्रस्तानात हजर.' दुसऱ्याच्या, 'सिलिंडर भरण्यासाठी अंबड आणि सिन्नरच्या फेऱ्या.' गंगापूरच्या तरुणाच्या कागदावर, 'रुग्णवाहिका, भाडे न घेता.' त्याला ती ओळ मी उर्दूतही वाचून दाखवली.

यादी लिहिताना लक्षात आले की त्यात एकही बाई नाही. कोणी मुद्दाम गाळली नव्हती. बायकांची कामे घराच्या आत झाली होती म्हणून ती बैठकीतल्या पुरुषांनी पाहिलीच नव्हती. काझीपुऱ्याकडच्या दोन वयस्क बायका वर्षानुवर्षे मोहल्ल्यातल्या मयत स्त्रियांना गुस्ल देतात. पहिल्या लाटेत त्यांना जाऊ दिले नाही, नियम होता. नियम सैल झाल्यावर इतर सगळे घाबरत असताना त्या गेल्या. एकीने तर त्याच आठवड्यात स्वतःचा भाऊ गमावला होता. त्यांना बोलावले तेव्हा दोघींनी स्टेजवर यायला नकार दिला. "हमने किसपर एहसान किया?" म्हणाल्या. मग प्रमाणपत्र घेऊन आम्ही तीन जणी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. त्यांनी कागद पाहिला, त्यातले स्वतःचे नाव वाचता आले नाही, तेव्हा नातीला बोलावून वाचून घेतले. नात मराठी माध्यमात शिकते. तिने मराठी बाजूने वाचले.

आता मशिदीच्या कपाटात एक जाड वही ठेवली आहे. पहिले पान मार्च २०२० चे आहे. तारीख, काम, नाव, कोणाकडून कळले, असे चार रकाने. सत्कारात न आलेली नावेही त्यात आहेत आणि जे ऐकीव आहे त्यापुढे तसे लिहिले आहे. दर जुम्याला कोणी ना कोणी काहीतरी सांगायला येतो. मागच्या महिन्यात एक आजोबा येऊन १९६९ च्या गोदावरीच्या पुरातल्या एका नावाड्याचे नाव लिहून गेले. तो रकाना मार्च २०२० च्या आधीचा असल्यामुळे वही उलटी धरून मागच्या पानावरून सुरू केली. उर्दूच्या वहीला ते सोयीचेच पडते.